दोन इंच उंची, साडेतीन अंश कोन

नवं सस्पेन्शन बसवल्यावर गाडी बिघडली अशी तक्रार घेऊन येणारा माणूस गॅरेजमध्ये दोन गोष्टी ठासून सांगतो. पार्ट चांगल्या कंपनीचे आहेत आणि बसवणारा मेकॅनिक मुरलेला आहे. दोन्ही खरं असू शकतं. तरीही ऐंशीच्या वेगात गाडी लेनमध्ये राहत नाही, स्टेअरिंग सारखं डावी-उजवीकडे सावरत बसावं लागतं, खड्डा आला की गाडीचं नाक आपोआप वळतं. मग दुसऱ्या कंपनीचे शॉकअप येतात, त्यानंतर स्टेअरिंग डॅम्पर, त्यानंतर महागडे टायर. बिल वाढत जातं आणि दोष होता तिथेच राहतो. पार्टामुळे जे कोन बदलले त्यांच्याकडे कोणी पाहिलेलंच नसतं. पार्ट दुकानात बदलून मिळतो, कोन मात्र मोजावा लागतो.

कारखान्यातून निघालेल्या गाडीची एक ठरलेली उंची असते. त्या उंचीला लोअर आर्म किती तिरका, टाय रॉड किती तिरका, चाक आत झुकलेलं की बाहेर (म्हणजे कॅम्बर), हे सगळं एकमेकांशी जुळवलेलं असतं. स्प्रिंग बदलून गाडी वर किंवा खाली घेतली की यातला एकच कोन बदलत नाही, सगळे एकदम बदलतात, आणि प्रत्येक जण वेगळ्या प्रमाणात. लिफ्ट किटच्या खोक्यात बहुतेकदा चार स्प्रिंग आणि चार शॉकअप असतात. बिघडलेले कोन परत जुळवायला लागणारं सामान वेगळं घ्यावं लागतं, आणि ते हौशी माणसाच्या यादीत शेवटी येतं, कारण ते बाहेरून दिसत नाही.

उदाहरणासाठी जिम्नी घेऊ. २०२३ साली भारतात विक्रीला आलेली ही गाडी लिफ्ट किटवाल्यांची लाडकी आहे. चेसी शिडीसारखी, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि त्यावर कॉइल स्प्रिंग. जमिनीपासूनची उंची मुळात २१० मिलिमीटर, तरी मालकाला आणखी दोन इंच हवे असतात. पुढच्या ॲक्सलला दोन लांब आर्म धरून ठेवतात. त्यांची पुढची टोकं ॲक्सलवर घट्ट आणि मागची चेसीवर बुशमध्ये असतात. चेसी दोन इंच वर गेली की आर्मचं मागचं टोकही वर जातं, आर्म पुढे उतरता होतो, आणि त्याला जखडलेला ॲक्सल स्वतःभोवती तेवढाच पुढे फिरतो. हिशोब साधा आहे. आर्म ऐंशी सेंटिमीटरचा धरला आणि गाडी पाच सेंटिमीटर उचलली तर ॲक्सल सुमारे साडेतीन अंश फिरतो.

साडेतीन अंश ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण हे अंश कास्टरमधून वजा होतात. कास्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्या अक्षाचा मागे असलेला कल. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून वेगात हात सोडले तरी हँडल सरळ राहतं. तो चिमटा कोणी उभा केला तर हात सोडायची हिंमत होणार नाही. अखंड ॲक्सलच्या गाड्यांत कास्टर मुळातच थोडके अंश असतो. त्यातले साडेतीन गेले की उरतं ते शून्याच्या आसपास, कधी शून्याच्याही खाली. अशी गाडी कुठल्याच बाजूला ओढत नाही, पण सरळही जात नाही. वळण संपल्यावर स्टेअरिंग सोडलं तर ते परत मध्यावर येत नाही, हातानं आणावं लागतं. शहरात हे कळतही नाही. उलट स्टेअरिंग हलकं झालं म्हणून मालक खूश होतो. खरा प्रकार द्रुतगती मार्गावर, ट्रकच्या शेजारून जाताना कळतो.

यावर उपाय आहेत. आर्मच्या टोकाला मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश बसवता येतात, किंवा वाढीव उंचीसाठी मुद्दाम कोन देऊन बनवलेले आर्म घेता येतात. बुश स्वस्त पडतात, पण ते नेमक्या दिशेने दाबले गेले पाहिजेत. उलटे बसले तर होता तो कास्टरही जातो. बुश बदलून गाडी पूर्वीपेक्षा वाईट झाली, असं कोणी सांगितलं तर पहिली शंका हीच घ्यावी.

दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, एक टोक चेसीला आणि दुसरं ॲक्सलला. गाडी उचलली की हा दांडा जास्त तिरका होतो, त्याची आडवी लांबी घटते आणि तो ॲक्सलला चेसीवरच्या आपल्या टोकाकडे ओढून घेतो. दांडा नव्वद सेंटिमीटरचा आणि मुळात जवळजवळ आडवा असेल तर पाच सेंटिमीटर उचलून ॲक्सल जेमतेम दीड मिलिमीटर सरकतो. तोच दांडा आधीच दहा सेंटिमीटर उतरता असेल तर सरकणं सात मिलिमीटरवर जातं. पुढचा ॲक्सल एका बाजूला आणि मागचा दुसऱ्या बाजूला सरकला की गाडी तिरकी पळू लागते, आणि सरळ जायचं तर स्टेअरिंग थोडं वळवून धरावं लागतं. लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड यासाठीच असतो. ॲक्सल मधोमध आणण्यासाठी ओळंबा आणि मेजरपट्टी पुरते, मशीन लागत नाही.

ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा, आणि पॅनहार्ड रॉड हे दोघे समोरून पाहिल्यावर एकमेकांना समांतर हवेत. समांतर असले की ॲक्सल वर-खाली होताना दोघांची टोकं सारखाच वळसा घेतात आणि चाक वळत नाही. एक दांडा नव्या ब्रॅकेटने खाली घेतला आणि दुसरा होता तसाच ठेवला, तर प्रत्येक खड्ड्यात चाकं आपणहून वळतात. याला बंप स्टिअर म्हणतात. किटसोबत आलेला खाली उतरता पिटमन आर्म, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सकडून ड्रॅग लिंकला हलवणारा आर्म, बसवल्यामुळे हे दुखणं सुरू झालेल्या गाड्या बऱ्याच असतात. म्हणून बसवणाऱ्याने दोघांकडे एकत्र पाहिलं पाहिजे.

आता सगळ्यांत भीतीदायक प्रकार. सत्तर-ऐंशीच्या वेगात एक चाक सांध्यावरून किंवा खड्ड्यावरून गेलं आणि अचानक पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे जोरजोरात फडफडू लागली, स्टेअरिंग हातातून सुटेल असं वाटू लागलं, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबलं नाही. ऑफरोडवाले याला डेथ वॉबल म्हणतात. नाव नवं, आजार शंभर वर्षांचा. १९२० च्या दशकात पुढच्या चाकांना ब्रेक आले, कमी हवेचे फुगीर टायर आले, आणि सरळ ॲक्सलच्या मोटारींना ही थरथर सुटली. त्या काळचे इंजिनिअर तिला शिमी म्हणत. कारण असं की अखंड ॲक्सलचं एक चाक उचललं गेलं की दोन्ही चाकं एकदम कलतात. वेगात फिरणारं चाक कलवलं की ते भोवऱ्याच्या नियमाने वळायला बघतं, आणि वळलं की पुन्हा कलायला बघतं. एक हालचाल दुसरीला खतपाणी घालते. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेला इंग्लिश इंजिनिअर मॉरिस ऑली १९३० नंतर कॅडिलॅकमध्ये यावर काम करत होता. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून त्याला पुढच्या स्प्रिंग मऊ हव्या होत्या, आणि सरळ ॲक्सलवर स्प्रिंग मऊ केल्या की शिमी वाढत होती. शेवटी ॲक्सलच काढून टाकावा लागला. १९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

म्हणजे ॲक्सलवाल्या गाडीत ही थरथर नेहमीच दबा धरून असते, आणि घट्ट सांधे तिला अडवून धरतात. त्यात पॅनहार्ड रॉडच्या बुशमध्ये किंवा बोल्टच्या भोकात थोडासा प्ले आला, किंगपिनचे बेअरिंग सैल झाले, मोठ्या टायरचा बॅलन्स बिघडला, की तिला वाट मिळते. जड टायर आणि बाहेर काढलेली रिम आगीत तेल ओततात. अशा वेळी बहुतेक जण आधी जाड स्टेअरिंग डॅम्पर घेतात. माझ्या मते ही सर्वांत वाईट खरेदी आहे. डॅम्पर थरथर काही महिने झाकतो, त्याच्या आड सैल सांधा आणखी झिजतो, आणि पुढच्या वेळी ती जास्त वेगात उठते.

सैल सांधा शोधायची रीत फुकट आहे. गाडी जॅकवर न घेता चाकांवरच उभी ठेवा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू करा. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे झटक्याने हलवत राहायचं, दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्याकडे बघायचं. दांडा हलतो पण त्याला जोडलेला भाग क्षणभर उशिरा हलतो, असा सांधा लगेच नजरेत येतो. बोटं अडकणार नाहीत अशा जागी हात ठेवला तर टक्-टक् हाताला लागते. वजन चाकांवर असताना हे करायचं, कारण हवेत लोंबकळणाऱ्या ॲक्सलवर अनेक सांधे घट्टच वाटतात. आणि रस्त्यात थरथर उठलीच तर दचकून ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावं, गाडी हळूहळू मंदावू द्यावी.

खाली घेतलेल्या हॅचबॅकचं दुखणं वेगळं आहे. तिच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक जंपर म्हणतात, आणि मागे बहुधा टॉर्शन बीम. गाडी खाली आली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर चढतं. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती वळणात कलते तो बिंदू खाली घसरतो, आणि गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त घसरतो. या दोघांमधलं अंतर वाढलं की कलायला तरफ लांब मिळते. बुटकी केलेली गाडी जास्त कलायला बघते, हे पटायला जड जातं. कडक स्प्रिंग ते झाकून ठेवते, पण झाकायला तिच्याकडे जागा थोडीच असते. वळणात बाहेरचं चाक वर जातं, उरलेली हालचाल संपते आणि शॉकअप बंप स्टॉपवर आपटतो. त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा अचानक कित्येक पट होतो आणि तिथला टायर पकड सोडतो. पुढे हे झालं तर गाडी सरळ घसरते, मागे झालं तर पाठ फिरते. चालक सांगतो, ‘गाडी छान वळते आणि मधेच दगा देते.’ तपासायला शॉकअपच्या रॉडवर प्लॅस्टिकची केबल टाय अडकवून एक फेरी मारा. टाय कुठवर ढकलली गेली ते पाहिलं की बंप स्टॉपपर्यंत हालचाल जाते की नाही हे कळतं. जात असेल तर सगळ्यांत स्वस्त उपाय कोणालाच आवडत नाही, तो म्हणजे गाडी पंधरा-वीस मिलिमीटर परत वर घेणे.

स्प्रिंग कापून गाडी खाली घेणाऱ्यांबद्दल थोडक्यात. सहा वेढ्यांची स्प्रिंग पाच वेढ्यांची केली की ती वीस टक्के कडक होते, शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या मापाचाच राहतो आणि उसळी आवरत नाही. शिवाय चाक लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते. यावर दुरुस्ती सुचवण्यात अर्थ नाही. काढून टाकावी.

मागचा अँटिरोल बार जाड करणं हीसुद्धा हॅचबॅकवाल्यांची आवड. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या कंपनीने मुद्दाम अशा बनवलेल्या असतात की मर्यादा ओलांडली तर आधी पुढची चाकं घसरावीत, कारण घाबरलेला माणूस पाय उचलतो आणि गाडी सावरते. मागचा बार जाड केला की मागच्या बाहेरच्या टायरवर भार वाढतो आणि मागची पकड आधी सुटण्याची शक्यता तयार होते. कोरड्या रस्त्यावर गाडी तरतरीत वाटते. जूनच्या पहिल्या पावसात, तेलकट झालेल्या घाटात पाय उचलला की तीच गाडी पाठ दाखवते. ज्याला हा बार हवाच असेल त्याने तो सर्वांत मऊ भोकात बसवून निदान एक पावसाळा काढावा.

गाडी नीट चालत नाही असं म्हणणाऱ्याला चांगला मेकॅनिक पहिला प्रश्न ‘कधी?’ असा विचारतो. सरळ रस्त्यावर भटकते पण कोणत्याच बाजूला ओढत नाही, तर कास्टर किंवा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं आत वळलेली की बाहेर ते. एका बाजूला ओढते, तर दोन बाजूंच्या कास्टर-कॅम्बरमधला फरक. गाडी कमी कास्टरच्या बाजूला आणि जास्त बाहेर कललेल्या चाकाच्या बाजूला ओढते. पण त्याआधी पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलून पाहावेत, कारण ओढही बाजू बदलत असेल तर दोष टायरचा. वळल्यावर गाडी वळलेलीच राहू पाहते, उजवीकडे वळून आलं की उजवीकडे आणि डावीकडे वळून आलं की डावीकडे, तर कुठेतरी काहीतरी अडकतंय. स्ट्रटच्या डोक्यावरचं बेअरिंग उलटं बसवलेलं किंवा चिरडलेलं असण्याची शक्यता तिथे सर्वांत मोठी. एकाच बाजूच्या वळणात घाबरवते, तर चार कोपऱ्यांच्या उंचीत फरक आहे. कॉइलओव्हरवर, म्हणजे आट्यांवर फिरवून उंची बदलता येणाऱ्या स्ट्रटवर, दोन्हीकडचे आटे सारखे मोजून उंची सारखी येत नाही. सपाट जमिनीवर, टाकीत नेहमीइतकं पेट्रोल असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत मोजावं. ब्रेक मारताच भटकते, तर आर्मचे बुश. एखाद्या मोठ्या खड्ड्यानंतर अचानक ओढायला लागली, तर स्ट्रटच्या खालचा कॅम्बर बोल्ट सरकला असावा. बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवली असेल तर हे क्षणात दिसतं.

बुशबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे मुरलेले हातही चुकतात. बहुतेक गाड्यांतल्या लोअर आर्मचे रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असतात. ते फिरत नाहीत, पिळले जातात. गाडी लिफ्टवर आहे, चाकं लोंबकळताहेत, आर्म खाली झुकलाय आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते गाडीला वर ढकलत राहतं, स्टेअरिंगमध्ये अडखळल्यासारखं वाटतं, आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हातानं लावून गाडी चाकांवर घ्यायची, दोन-चार वेळा दाबून बसवायची आणि मगच टॉर्क रेंचने आवळायचं. नव्या सस्पेन्शनची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचे हे बोल्ट एकदा सैल करून पुन्हा आवळणं हे तासाभराचं काम आहे, आणि ते बाकी कशाहीआधी करण्याजोगं आहे.

त्याच्याही आधी टायरमधली हवा. १९६० च्या शेवरले कॉर्व्हेअरचं इंजिन मागे होतं, आणि तिची वळणातली वागणूक बरीचशी हवेच्या फरकावर सांभाळलेली होती. पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय. पेट्रोल पंपावर चारी चाकांत सारखी हवा भरली की तो तोल गेला. राल्फ नेडरने १९६५ मध्ये ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात कॉर्व्हेअरवर प्रकरण लिहिलं आणि ती गाडी बदनाम झाली. तुमच्या गाडीत एवढं टोकाचं काही नाही, पण सस्पेन्शनसोबत टायरही बदलले असतील तर दारावरच्या स्टिकरचा आकडा जुन्या मापाच्या टायरसाठी आहे हे ध्यानात घ्यावं.

अलाइनमेंट शेवटी येतं. सैल सांधे, पिळलेले बुश आणि वेगवेगळ्या उंच्या तशाच ठेवून अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे देऊन कागद विकत घेणं. तिथे ‘सगळं हिरव्यात आलं’ एवढ्यावर समाधान मानू नये. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद मागावेत आणि कास्टरची ओळ शोधावी. बऱ्याच ठिकाणी फक्त टो जुळवतात आणि कास्टर मोजतही नाहीत, कारण त्यासाठी चाक दोन्हीकडे वळवून पुन्हा मोजावं लागतं. मागचा टॉर्शन बीम वाकला असेल तर तो जुळवायला बोल्टच नसतो, पण मशीन आकडा दाखवतं, आणि तो आकडा सांगतो की गाडी मागून ढकलली जातेय. स्टेअरिंग तिरकं राहिलं तर ते काढून एक खाच फिरवून बसवू नये. दांड्यांची लांबी जुळवूनच ते सरळ करावं, नाहीतर एका बाजूला चाक कमी वळेल. ईएसपी, म्हणजे एकेका चाकाचा ब्रेक लावून घसरती गाडी सावरणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत त्यानंतर स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो. तो राहून गेला तर गाडी सरळ जात असताना संगणकाला ती वळतेय असं वाटतं आणि तो नको तिथे एखाद्या चाकाचा ब्रेक लावतो. सरळ रस्त्यावर ईएसपीचा दिवा लुकलुकणारी गाडी सस्पेन्शनवाल्याकडे नेण्यात अर्थ नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात ते ठळक केलं. अपघातानंतर विमा कंपनी गाडी तपासते तेव्हा हा प्रश्न निघतो.

काम सुरू करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, तेवढीच माणसं बसवून फेरी मारावी. जुने स्प्रिंग आणि शॉकअप भंगारात देऊ नयेत. चार दिवस शोधूनही दोष सापडला नाही तर पुढची एक जोडी मूळची बसवून पाहणं हा सर्वांत खात्रीचा तपास आहे. नव्या स्प्रिंग काहीशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून तेवढं अंतर झाल्यावर चारी कोपऱ्यांची उंची पुन्हा मोजावी, सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासावेत, आणि उंचीत फरक पडला असेल तर अलाइनमेंट परत करून घ्यावं.